नेब्रास्काच्या लहान गावात राहायला जाताना

अमेरिकेत जे-1 व्हिसावर येऊन तज्ज्ञ झालेल्या परदेशी डॉक्टरला शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी जाऊन राहण्याची अट असते. ती अट माफ करून घेण्याचा एक मार्ग म्हणजे डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे पूर्णवेळ काम करणे. नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनरॅड यांच्या पुढाकाराने 1994 मध्ये सुरू झालेल्या आणि त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेत आज प्रत्येक राज्याला वर्षाला 30 जागा मिळतात. त्यामुळे पुण्यात किंवा नागपुरात वाढलेली, पुढे शिकागो-न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत शिकलेली मराठी कुटुंबे एखाद्या जूनमध्ये सामान बांधून ज्या गावाचे नाव कधी ऐकलेले नाही अशा गावी येऊन पोहोचतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि त्यातही डॉक्टर कामावर गेल्यावर दिवसभर घरात राहणाऱ्या जोडीदारासाठी अधिक आहे.

मी नऊ वर्षे दक्षिण नेब्रास्कातल्या, सुमारे 1,900 वस्तीच्या एका गावात राहिले. पुढे लिहिलेले बरेचसे शेजारच्या कॅन्सस, आयोवा आणि साउथ डकोटाला लागू पडेल. व्हरमाँटच्या डोंगरातली किंवा मिसिसिपीच्या खोऱ्यातली गावे वेगळ्या घडणीची आहेत, त्यांच्याविषयी मी बोलत नाही. अमेरिकेत नगरपालिका किंवा ग्रामपालिका असलेली सुमारे 19,500 गावे-शहरे आहेत आणि त्यांपैकी तीन-चतुर्थांशांची लोकसंख्या 5,000 पेक्षा कमी आहे. म्हणजे तुम्ही निघाला आहात ते ठिकाण अपवादात्मक नाही, ते या देशातल्या बहुसंख्य गावांसारखेच आहे.

निघण्यापूर्वी नकाशा वाचून घ्या

नेब्रास्काचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळजवळ दोन-तृतीयांश आहे आणि लोकसंख्या, 2020 च्या जनगणनेनुसार, सुमारे 19 लाख 60 हजार. त्यातले निम्म्याहून अधिक लोक ओमाहा आणि लिंकनच्या परिसरातल्या तीन काउंट्यांत, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांत, राहतात. उरलेल्या 90 काउंट्यांत बाकीचे. हे आकडे लक्षात ठेवले म्हणजे पहिल्या प्रवासात तासभर एकही माणूस न दिसल्याने जीव घाबरणार नाही.

नकाशावर हा प्रदेश चौकटीच्या वहीसारखा दिसतो, आणि त्याला कारण आहे. 1785 च्या जमीन अध्यादेशाने पश्चिमेकडची जमीन सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशा टाउनशिपांत आखायला सुरुवात झाली. प्रत्येक टाउनशिपचे 36 सेक्शन, प्रत्येक सेक्शन एक चौरस मैलाचा, म्हणजे 640 एकरांचा. 1862 च्या होमस्टेड कायद्याने वसाहत करणाऱ्या कुटुंबाला त्यातला पाव सेक्शन, 160 एकर, मिळू शकत असे. आजही शेतकरी ‘क्वार्टर’ हाच शब्द वापरतात आणि रस्ते साधारण मैलामैलावर, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम, सरळ धावतात. ज्या जमिनीची ही आखणी झाली ती प्लॅट आणि रिपब्लिकन नद्यांच्या खोऱ्यात पॉनी लोकांची होती, आणि 1870 च्या दशकात त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावे लागले, हेही नवागताला ठाऊक असावे. गावातल्या इतिहासफलकांवर ते नेहमी लिहिलेले नसते.

या आखणीचा व्यवहारातला परिणाम असा की येथे कोणी डावीकडे-उजवीकडे सांगत नाही. ‘दोन मैल उत्तरेला आणि अर्धा मैल पूर्वेला’ असा पत्ता मिळतो. आपल्याकडे खेड्यात म्हातारी माणसे उगवतीचे शेत, मावळतीची विहीर असे म्हणतात, तसेच हे आहे. शहरात वाढलेल्या माणसाने निघण्यापूर्वी दिशांची सवय करून घ्यावी, कारण आडरस्त्यांवर फोनचा नकाशा कधीकधी संपर्काअभावी बंद पडतो.

गाव रेल्वेच्या दर आठ-दहा मैलांवर असलेल्या जुन्या थांब्यांपैकी एक असणार. दुरून आधी धान्याच्या उंच कोठारांचे, म्हणजे एलिव्हेटरचे, पांढरे दंडगोल दिसतात, मग गावाचे नाव लिहिलेली पाण्याची टाकी दिसते. नोकरीचा करार करताना पगाराबरोबर एक प्रश्न अवश्य विचारा: हे गाव काउंटी सीट आहे का? काउंटीचे मुख्य ठिकाण असलेल्या गावात कोर्टहाउस असते, आणि त्याच्या आधाराने बँक, वकील, औषधांचे दुकान, वर्तमानपत्र आणि बहुधा रुग्णालय टिकून राहते. शेजारचे तेवढेच जुने गाव किराणा दुकान आणि शाळा गमावून बसलेले असू शकते. आणि शक्य असेल तर गाव पाहायला फेब्रुवारीत जा. जूनमध्ये सगळीच गावे सुंदर दिसतात.

घर शोधताना

भाड्याची घरे थोडी असतात आणि ती संकेतस्थळांवर क्वचितच दिसतात. रुग्णालयाच्या कार्यालयात, बँकेत आणि शाळेच्या सचिवांकडे शब्द टाकून ठेवा. आठवड्याभरात कोणाची तरी मावशी घर रिकामे करणार असल्याचा निरोप येतो. घर पाहताना बेसमेंट आहे का ते आधी पाहा, त्याचे कारण पुढे वादळाच्या भागात येईल. त्याच बेसमेंटमध्ये रेडॉन वायू साठतो. या वायूला वास नसतो, रंग नसतो, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचे ते एक मोठे कारण आहे. हवेतले प्रमाण एका लिटरला 4 पिकोक्युरी किंवा त्याहून अधिक निघाले तर घरात उपाययोजना करावी, असे सरकारी पर्यावरण संस्था सांगते. तपासणीची पेटी स्वस्त असते आणि अनेक काउंट्यांत आरोग्य खात्याकडे मिळते. घर गावाबाहेर असेल आणि पाणी स्वतःच्या विहिरीचे असेल, तर नायट्रेटची तपासणी करून घेतल्याशिवाय ते पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात वापरू नका. मक्याला घातलेले खत भूजलात उतरते.

पहिल्या आठवड्यात कोठे कोठे जावे

कोर्टहाउसपासून सुरुवात करा. गाडीची नोंदणी काउंटी ट्रेझररकडे होते. राज्यात राहायला आल्यापासून 30 दिवसांत नेब्रास्काचा वाहन परवाना काढावा लागतो, आणि लहान काउंट्यांत परीक्षक रोज नसतो, ठरावीक दिवशीच येतो. तो दिवस आधी विचारून घ्या. बहुतेक काउंट्यांत नंबरपाटीची सुरुवात काउंटीच्या क्रमांकाने होते. हे क्रमांक 1922 साली कोणत्या काउंटीत किती गाड्या नोंदल्या होत्या त्यावरून पडले: डग्लसला 1, तर वाळूच्या टेकड्यांतल्या हूकरला 93. गाडीच्या पाटीवरून माणूस कोठला ते येथे मुलांनाही कळते, म्हणून पाटी लवकर बदललेली बरी.

त्यानंतर टपाल कार्यालय. फार लहान गावांत टपाल घरपोच येतच नाही, पेटी भाड्याने घ्यावी लागते, आणि तेथे रोज सकाळी अर्धे गाव भेटते.

वाचनालयात पहिल्या आठवड्यातच जा, ही माझी सर्वांत कळकळीची सूचना आहे. अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून अमेरिकेत सुमारे 1,700 सार्वजनिक वाचनालये उभी राहिली आणि त्यांतली पुष्कळशी अशाच गावांत होती. गावाने दरवर्षी देणगीच्या दहा टक्के रक्कम वाचनालयाच्या खर्चासाठी उभी करावी अशी अट असे. एच-4 व्हिसावर, म्हणजे डॉक्टरच्या कामाच्या व्हिसाच्या आधाराने, आलेल्या आणि स्वतःला कामाची परवानगी नसलेल्या जोडीदाराला घराबाहेर, पैसे खर्च न करता, रोज जाऊन बसता येईल अशी ही एकच जागा. मी तेथे मुलांच्या गोष्टींच्या तासाला मुलीला घेऊन जाऊ लागले, आणि दोन महिन्यांनी मलाच गोष्ट सांगायला बसवले गेले. मी म्हातारीच्या भोपळ्याची गोष्ट सांगितली. ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ हे शब्द त्या मुलांना पुढे कित्येक वर्षे पाठ होते.

साप्ताहिकाची वर्गणीही याच आठवड्यात भरा. आयोवातल्या स्टॉर्म लेक या मांस-उद्योगाच्या गावातल्या लहानशा वर्तमानपत्राला 2017 साली अग्रलेखांसाठी पुलित्झर मिळाले होते. त्यामुळे या पत्रांना कमी लेखू नये. शाळेच्या जेवणाचा आठवड्याचा तक्ता, काउंटी मंडळाच्या बैठकीचे इतिवृत्त, कोणाच्या लग्नाला 60 वर्षे झाली, कोणाचे शेत लिलावात निघाले, हे सारे त्यात असते. मृत्युवार्ता लक्षपूर्वक वाचा. दिवंगत व्यक्तीच्या मुली, सुना, भाचे कोणत्या नावांनी कोठे राहतात ते त्यात दिलेले असते, आणि गावातली नाती उलगडायला त्याहून चांगले साधन नाही. निम्मे गाव एकमेकांचे आतेमामे भाऊ असते. पहिली दोन वर्षे कोणाविषयी कोणाजवळही वाईट बोलू नका.

ओळख तुम्हीच करून द्या

मोठ्या शहरात कोणी आपल्याला ओळखत नाही ही सुरुवातीची स्थिती असते. येथे ती उलटी असते: तुम्ही येण्यापूर्वीच नवे डॉक्टर कोण, घर कोणते घेतले, मुले किती, हे गावाला ठाऊक असते, आणि तरीही लोक आपण होऊन दार वाजवायला संकोचतात, कारण तुम्हाला ते रुचेल की नाही हे त्यांना कळत नाही. या संकोचालाच अनेक मराठी कुटुंबे तुसडेपणा समजतात आणि घरात बसून राहतात. तसे करू नका. शेजारच्या चार घरी जाऊन नाव सांगा, आणि नाव नीट उच्चारायला शिकवा. नाव तोडून इंग्रजी करण्याची गरज नाही. मला वाटते ते केल्याने अंतर वाढतेच. तीन-चार वेळा शांतपणे म्हणून दाखवले की लोक प्रयत्नपूर्वक म्हणतात.

कोणी केळ्याचा ब्रेड किंवा कॅसरोल आणून दिले तर भांडे रिकामे परत करू नये, हा आपला संस्कार येथे जसाच्या तसा उपयोगी पडतो. बेसनाचे लाडू आमच्या गल्लीत फार आवडले.

रस्त्यावर समोरून येणारा पिकअपचालक स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. तो नमस्कार आहे, ओळखीच्या-अनोळखी सर्वांना असतो, आणि त्याला उत्तर द्यायचे असते. संभाषणाची सुरुवात पावसाने करा. प्रत्येक शेतकऱ्याच्या कुंपणाला पर्जन्यमापक लावलेला असतो आणि ‘तुमच्याकडे किती पडला?’ या प्रश्नाचे उत्तर इंचाच्या शतांशात मिळते. 100 व्या रेखावृत्ताच्या आसपास पावसाची वार्षिक सरासरी 20 इंचांच्या घरात येते आणि त्यापलीकडे कोरडवाहू शेतीचा भरवसा कमी होत जातो. ही रेषा राज्याच्या मधूनच जाते, म्हणून हा प्रश्न येथे शिष्टाचारापुरता नसतो. मराठवाड्यातून आलेल्या माणसाला ते समजावून सांगावे लागणार नाही. मात्र कोणाला ‘तुमची जमीन किती एकर?’ किंवा ‘गुरे किती?’ असे कधीही विचारू नका. ते बँकेतली शिल्लक विचारण्यासारखे आहे. आणखी एक: जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘डिनर’ म्हणजे दुपारचे जेवण, संध्याकाळचे ते ‘सपर’. या घोटाळ्यात आम्ही एका घरी सहा तास उशिरा पोहोचलो, आणि त्या वयस्कर जोडप्याने आमच्यासाठी अन्न पुन्हा गरम केले.

को-ऑप आणि काउंटी एक्स्टेन्शन

गावातला सर्वांत मोठा व्यवसाय बहुधा शेतकऱ्यांची सहकारी संस्था, म्हणजे को-ऑप, असतो: धान्याचे कोठार तिचे, खत तिचे, पेट्रोलपंपही तिचाच. सहकारी साखर कारखान्यांच्या प्रदेशातून आलेल्या वाचकाला सभासद, लाभांश आणि संचालक मंडळाची निवडणूक हे शब्द परके वाटणार नाहीत. हा संबंध केवळ साम्यापुरता नाही. अमेरिकेच्या खेड्यांत 1930 च्या दशकाच्या मध्यापासून वीज नेली ती मुख्यतः शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी आणि सार्वजनिक वीज मंडळांनी, आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातली मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था ही त्याच अमेरिकी संस्थांच्या धर्तीवर, त्यांच्या महासंघाच्या मदतीने, भारतात उभारलेल्या पाच पथदर्शी संस्थांपैकी एक होती. नेब्रास्कात तर आज सर्व ग्राहकांना वीज सार्वजनिक किंवा सहकारी मालकीच्या संस्थाच पुरवतात. असे दुसरे राज्य नाही.

तसेच प्रत्येक भागात राज्य विद्यापीठाचे एक्स्टेन्शन कार्यालय असते. 1862 च्या कायद्याने जमिनीच्या देणगीवर उभी राहिलेली विद्यापीठे आणि 1914 च्या कायद्याने त्यांना जोडलेली ही विस्तारसेवा, यांच्याच नमुन्यावर राहुरीच्या विद्यापीठासारखी आपली कृषी विद्यापीठे निघाली. बागेतली माती तपासणे, लोणच्याच्या बरण्या सुरक्षितपणे बंद करणे, मुलांचे उपक्रम, या सर्वांसाठी तेथे जा. मेच्या मध्यापर्यंत दव गोठून रोपे मरण्याची भीती असते, हे मला तेथेच कळले. त्यानंतर लावलेली मेथी, मिरची आणि दुधी उत्तम येतात.

गाडी चालवणे

येथे सर्वांत जास्त धोका रस्त्यावर आहे, म्हणून हा भाग पुन्हा वाचावा. मुख्य महामार्ग सोडला की रस्ते खडीचे असतात. सुट्या खडीवर जोराने ब्रेक दाबला की गाडी घसरते, आणि पुढच्या गाडीच्या धुळीत काहीही दिसत नाही. वेग निम्मा करा. मैलामैलावरच्या चौकांत पुष्कळदा थांबण्याची पाटीच नसते. जुलैपासून मका माणसापेक्षा उंच वाढतो आणि चारही कोपरे झाकून टाकतो. चौक रिकामा आहे असे गृहीत धरून कधीही पुढे जाऊ नका.

कापणीच्या दिवसांत, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर, रस्त्यावर कंबाइन आणि धान्याच्या गाड्या असतात. मागे नारिंगी त्रिकोण असलेले वाहन संथ असते. पुढचा ट्रॅक्टर उजवीकडे सरकला म्हणजे तो वाट देत आहे असे समजू नका. शेतात वळण्यासाठी आधी उजवीकडे घेऊन मग तो डावीकडे वळतो, आणि नेमक्या त्याच क्षणी ओलांडायला गेलेली गाडी त्याखाली सापडते. नोव्हेंबरात हरणे संध्याकाळी रस्त्यावर येतात. हरिण समोर आले तर ब्रेक दाबा, पण गाडी वळवू नका, कारण वळवलेली गाडी चरात उलटते.

हिवाळ्यात पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. गाडीत ब्लँकेट, फावडे, पाणी, खाण्याचे काही, टॉर्च आणि जाड मोजे ठेवा. हिमवादळात अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका. एग्झॉस्टच्या नळीपुढचा बर्फ काढून अधूनमधून इंजिन चालवा आणि मदतीची वाट पाहा. 12 जानेवारी 1888 रोजी दुपारी अचानक आलेल्या हिमवादळात शाळेतून घरी निघालेली अनेक मुले या मैदानात गोठून गेली. शाळा आजही वाऱ्याच्या आणि थंडीच्या अंदाजावर सकाळी पाचला सुटी जाहीर करते, त्यामागे ही आठवण असावी.

सायरन वाजला तर

मे आणि जून हे टोर्नेडोचे, म्हणजे आकाशातून जमिनीवर उतरणाऱ्या भोवऱ्यासारख्या वादळांचे, महिने. ‘टोर्नेडो वॉच’ म्हणजे परिस्थिती अनुकूल आहे, सावध राहा. ‘टोर्नेडो वॉर्निंग’ म्हणजे वादळ दिसले आहे किंवा रडारवर आले आहे: तत्काळ बेसमेंटमध्ये जा, पायांत बूट घाला, खिडक्यांपासून दूर थांबा. 22 मे 2004 रोजी लिंकनच्या दक्षिणेचे हॅलम हे लहानसे गाव अडीच मैल रुंदीच्या वादळाने जवळजवळ पुसून टाकले. बॅटरीवर चालणारा हवामान रेडिओ घ्या, कारण रात्री घरात झोपलेल्या माणसाला बाहेरचा सायरन ऐकू येईलच असे नाही. महिन्यातून ठरावीक दिवशी सायरनची चाचणी होते, काही गावांत तर तो रोज दुपारी बारालाही वाजतो. गावची पद्धत पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

पंगत, चर्च आणि शाळा

गावाचे सामाजिक जीवन तीन इमारतींत चालते: शाळा, चर्च आणि अग्निशामक केंद्राचे सभागृह. तिन्ही ठिकाणी पॉटलक असते, म्हणजे प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. शाकाहारी कुटुंबाने आपल्याला पोटभर होईल असा पदार्थ स्वतःच न्यावा, कारण हिरव्या शेंगांच्या भाजीतही डुकराचे मांस असू शकते. हा गोमांसाचा प्रदेश आहे, अनेकांची उपजीविका त्यावर आहे. ‘आम्ही खात नाही’ एवढे सौम्यपणे सांगितले की पुरते, त्याचे विवेचन करू नये. पुलाव, कोशिंबीर, शंकरपाळे चालतात. मसाला पहिल्या वेळी बेताचा ठेवा. डाळी, पोहे, कढीपत्ता यांसाठी आम्ही दोन महिन्यांतून एकदा अडीच तासांवरच्या लिंकनला जात असू, आणि गणपतीला त्याहून पुढे ओमाहाच्या मंदिरात.

चर्चला या, असे निमंत्रण पहिल्या महिन्यातच मिळेल, बहुधा दोन-तीन पंथांकडून. विचारणाऱ्याच्या मनात नवख्याला एकटे पडू देऊ नये हाच हेतू बहुधा असतो. ‘आमचा धर्म वेगळा आहे, आम्ही घरीच पूजा करतो, पण तुमच्या जेवणाला अवश्य येऊ’ हे उत्तर प्रामाणिक आहे आणि ते मानले जाते. लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या काळातल्या, शुक्रवारी कॅथलिक चर्चमध्ये माशांचे जेवण असते; कोकणातल्या माणसाने ते चुकवू नये. कोणाच्या घरी मृत्यू झाला तर अंत्यविधीनंतरच्या जेवणासाठी पदार्थ पोहोचवा. लग्नाला न गेल्याचे कोणी लक्षात ठेवत नाही, अंत्यविधीला आलेले सर्व लक्षात ठेवतात.

शाळेच्या बाबतीत एकच आग्रह: शुक्रवारी संध्याकाळी मैदानावर जा. मुले कमी असल्यामुळे पुष्कळ शाळा अकराऐवजी आठ किंवा सहा खेळाडूंचा अमेरिकी फुटबॉल खेळतात, आणि दोन-तीन गावांनी मिळून चालवलेल्या शाळेचे नाव जोडनाव असते. खेळ समजला नाही तरी चालतो. इतक्या लहान शाळेत प्रत्येक मुलाची गरज असते, म्हणून तुमचे मूल वादनपथकात, नाटकात आणि धावण्याच्या संघात एकाच वर्षी असेल. मोठ्या शहरातल्या स्पर्धेत त्याला हे मिळाले नसते, असे माझे ठाम मत आहे. उलट बाजूही सांगितली पाहिजे. प्रगत गणिताचे वर्ग थोडे असतात, काही विषय पडद्यावरून शिकावे लागतात, आणि आपले मूल वर्गात एकटेच सावळे असते. त्याच्याशी त्याविषयी घरी मोकळेपणाने बोला. जुलै-ऑगस्टच्या काउंटी जत्रेत फोर-एच या बालसंघटनेची मुले स्वतः वाढवलेली वासरे, कोंबड्या, शिवलेले कपडे मांडतात. आमच्या मुलीने सशांपासून सुरुवात केली होती.

रुग्णालय आणि वेगळे दिसणे

गावचे रुग्णालय बहुधा ‘क्रिटिकल ॲक्सेस’ दर्जाचे असते. 1997 च्या कायद्याने ठरलेल्या या दर्जात जास्तीत जास्त 25 खाटा आणि दुसऱ्या रुग्णालयापासून सर्वसाधारणपणे 35 मैलांचे अंतर अपेक्षित असते. प्रसूतीची सोय अनेक ठिकाणी बंद झाली आहे. गर्भवती असाल तर हे आधी विचारा. रुग्णवाहिकेवरचे लोक बहुधा स्वयंसेवक असतात: शिक्षक, बँकेतली कारकून, शेतकरी. डॉक्टरांच्या घरी दोन गोष्टींची तयारी हवी. किराणा दुकानात रुग्ण भेटतो आणि गुडघ्याविषयी विचारतो, त्याला हसतमुखाने दवाखान्याची वेळ सांगावी. आणि घरात कोणत्याही रुग्णाचे नाव उच्चारू नये, कारण तो आपल्या मुलीच्या वर्गमित्राचा आजोबा असतो.

‘तुम्ही मूळचे कोठले?’ हा प्रश्न वर्षभर ऐकावा लागेल. बहुतेक वेळा त्यात कुतूहल असते. क्वचित कोणी अपमानकारक बोलते, आम्हालाही एकदा पेट्रोलपंपावर तसा अनुभव आला. तो गिळून टाकण्यापेक्षा विश्वासातल्या शेजाऱ्याला सांगितल्याचा उपयोग झाला, कारण गावात अशा माणसाला त्याची ओळखीची माणसेच समज देऊ शकतात. गोऱ्यांचेच गाव अशी कल्पनाही सगळीकडे खरी नाही. लेक्सिंग्टन, स्कायलर यांसारख्या मांस-उद्योगाच्या आधाराने वाढलेल्या गावांत लॅटिन अमेरिकेतून आलेली कुटुंबे फार मोठ्या संख्येने आहेत, आणि तेथील दुकानांत कोथिंबीर, हिरव्या मिरच्या आणि आंबे सहज मिळतात.

‘किती दिवस राहणार?’

हा प्रश्न तुम्हाला चौथ्या-पाचव्या भेटीत विचारला जाईल आणि त्यात दुखावलेपण असते, ते ओळखा. यंत्रे आली, शेते मोठी झाली, माणसे कमी लागू लागली. पुष्कळ काउंट्यांची लोकसंख्या शंभर वर्षांपूर्वी होती त्याच्या निम्मीही उरलेली नाही. 1980 च्या दशकातल्या कर्जसंकटात आणखी कुटुंबे गेली. या लोकांनी मुलांना शिकवून शहरात पाठवले आहे, आणि तीन वर्षे पुरी होताच निघून जाणारे डॉक्टरही पाहिले आहेत. म्हणून ‘आम्ही कायमचे आलो आहोत’ असे भिडेपोटी कधीही म्हणू नका. ‘करार तीन वर्षांचा आहे, पुढचे ठरलेले नाही, पण असेपर्यंत आम्ही येथलेच आहोत’ असे आम्ही सांगत असू, आणि त्या उत्तरासाठी कोणी आम्हाला कमी लेखले नाही.

जायचे ठरलेच तर रुग्णांना आणि शाळेला सहा महिने आधी सांगा. दुसरा डॉक्टर मिळायला गावाला तेवढा वेळ लागतोच. घर विकण्याची पाटी लावण्यापूर्वी शेजाऱ्यांना तोंडाने सांगा. आणि शेवटच्या आठवड्यात साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन आभाराची चौकट द्या. ‘कार्ड ऑफ थँक्स’ नावाचे ते सदर आतल्या पानावर, मृत्युवार्तांच्या जवळ असते, शब्दांवर थोडेसे पैसे आकारले जातात, आणि अंक निघाल्यावर पुढच्या बुधवारपर्यंत गावातले प्रत्येक घर ते वाचते.